फॉर्मात लिहिलंय त्यातलंच विचारतील, पण तीन पायऱ्या खाली उतरून

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, 94 टक्के होते. बारावीला 71 वर आले. मग एक वर्ष नीटसाठी थांबले, तिथंही जमलं नाही आणि बीएस्सी कृषीला आले. ओजीपीए, म्हणजे पदवीची दहापैकी सरासरी, 8.4 आहे. गेले 14 महिने एका ठिबक कंपनीत फिल्डवर काम करते. घरी सहा एकर ऊस आहे. कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा दिली आणि मुलाखतीचे दोन कॉल आले : अहमदाबाद आयआयएमचा एफएबीएम आणि लखनौ आयआयएमचा एबीएम, दोन्ही कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचे. पहिली मुलाखत फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला आहे, म्हणजे हातात पाच आठवडे. इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलताना गाडी अडते. एक क्लास मुलाखतीच्या तयारीचे 20 हजार मागतोय. वडील म्हणतात, उसाच्या बिलातून देतो. नीटचं वर्ष सांगू की नको? ‘शेती सोडून एमबीए कशाला’ असं विचारलं तर काय सांगू? फॉर्मात छंद म्हणून ‘वाचन’ लिहून बसलेय, ते अंगाशी येईल का? मी ओबीसी प्रवर्गातून अर्ज केलाय. – एक कृषीकन्या

उत्तर : सगळ्यात शेवटी जे लिहिलंस, ते सगळ्यात आधी बघ. आयआयएम केंद्राच्या संस्था आहेत. त्यांना ओबीसीचा नॉन-क्रीमी लेयर दाखला भारत सरकारच्या नमुन्यात लागतो. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला राज्याचा दाखला तिथं चालत नाही. शिवाय दाखला ठरावीक तारखेनंतर काढलेला असावा लागतो, साधारण चालू आर्थिक वर्षातला. ती तारीख कॉल लेटरवर असते, ती वाच. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, तेही एकदा पाहून घे, कारण राज्याची यादी आणि केंद्राची यादी तंतोतंत जुळत नाही. सेतू केंद्रात अर्ज करताना ‘सेंट्रलचा हवाय’ असं तोंडानं सांगून भागत नाही. नमुन्याची छापील प्रत सोबत ने आणि हातात पडलेला दाखला तिथंच उभं राहून वाच. नावातली एक वेलांटी चुकली तरी दुरुस्तीत दहा दिवस जातात.

नावाचंही तसंच. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असतं. आधारवर क्रम वेगळा, कॅटच्या अर्जावर आणखी वेगळा. नुसता क्रम उलटसुलट असेल तर सहसा अडत नाही, स्पेलिंग वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेव. दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल, कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र आणि दाखले, असं सगळं मूळ आणि स्वतः सही केलेल्या प्रतींचा एक संच कर. अनुभवपत्रावर रुजू झाल्याची तारीख हवीच. फॉर्मात 14 महिने आणि पत्रावर 13 असे निघाले तर पहिली पाच मिनिटं त्यातच जातात.

आता मुलाखतीकडे वळू.

समोर दोन किंवा तीन जण असतात, बहुतेक वेळा प्राध्यापक. वेळ 15 ते 30 मिनिटं. त्यांच्या हातात तुझा फॉर्म असतो आणि बऱ्याचदा त्यांनीही तो तिथंच पहिल्यांदा पाहिलेला असतो. म्हणजे प्रश्नपत्रिका तूच लिहून पाठवलेली आहे. तयारीची सुरुवात पुस्तकापासून करू नकोस, फॉर्मापासून कर. फॉर्मची प्रिंट काढ आणि एकेका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढ : गाव, शाळा, 94, 71, नीट, कृषी महाविद्यालय, रावेचं (पदवीत गावात राहून करायच्या कामाचं) गाव, ठिबक, ऊस, वाचन. प्रत्येक शब्दाखाली तीन प्रश्न लिही, आणि दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरातून निघाला पाहिजे, तिसरा दुसऱ्याच्या. मुलं पहिल्या प्रश्नाची तयारी करून येतात. मुलाखत खरी ठरते ती तिसऱ्यावर.

ऊसच घेऊ. पहिला प्रश्न सोपा असेल, ‘तुमच्या उसाला दर काय मिळतो?’ बहुतेक मुलं ‘तीन हजारच्या आसपास’ म्हणून मोकळी होतात. तुझ्या घरात उसाचं बिल येतं, तुला ते फोडून सांगता आलं पाहिजे. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यावर उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की 3.46 रुपये वाढतात. समजा तुमच्या कारखान्याचा उतारा 11.25 आहे. म्हणजे दहा पायऱ्या, 34.60 रुपये. झाले 389.60, टनाला 3,896. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा 850 धरली, तर हातात 3,046 येतात. उतारा आणि तोडणी-वाहतूक हे दोन आकडे मी धरलेले आहेत. खरे आकडे घरच्या बिलावरून आणि कारखान्याकडून घे, आणि हे गणित कागद न घेता बोलत बोलत करून दाखवता येईल इतकं घोटून ठेव.

दुसरा प्रश्न : ‘पैसे कधी मिळतात?’ ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे. त्याप्रमाणे 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. ‘आणि मिळतात का?’ इथं तुझ्या घरचा अनुभव सांग, तारखेसकट. चिडून नको.

तिसरा प्रश्न इथूनच येतो : ‘कारखाना वेळेवर का देत नाही?’ याला ‘कारखानदार लबाड आहेत’ हे उत्तर गावात चालतं. व्यवस्थापन शिकायला निघालेल्या मुलीकडून त्यांना ताळेबंद हवा असतो. उसाची खरेदी चार-पाच महिन्यांत होते, साखर वर्षभर विकली जाते. मधल्या काळात कारखाना साखर तारण ठेवून बँकेकडून उचल घेतो आणि त्यावर व्याज चढतं. एफआरपी वर्षागणिक वाढत गेली. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये 29 वरून 31 रुपये किलो झाली, आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच राहिली. इथेनॉलनं थोडा श्वास मिळाला, पण डिसेंबर 2023 मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं बंधनं घातली आणि ती पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट 2024 मध्ये उठली. एवढं सांगता आलं की पुढचा प्रश्न ‘मग तुम्ही काय कराल’ असा येतो. त्याला एकच बरोबर उत्तर नाही. बाजू कुठलीही घे, फक्त तिचा तोटा कोणाला होतो तेही तूच सांग. साखरेचा दर वाढवा म्हणालीस तर गिऱ्हाईक भरणार. एफआरपी आणि साखरेचा दर एकमेकांना बांधा म्हणालीस, तर साखर पडेल त्या वर्षी वडील भरणार. आपल्याच बापाचा तोटा मोजून दाखवणारी मुलगी पॅनेलच्या लक्षात राहते.

ठिबकवर तर तुला जास्तच खोदतील, कारण ती तुझी रोजची भाकरी आहे. ‘एका एकराला लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, किती लागते?’ एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. सरी पाच फुटांची असेल तर भागिले पाच, 8,712 फूट, म्हणजे साधारण 2,655 मीटर. ड्रिपर 40 सेंटिमीटरवर असेल तर साडेसहा हजारांच्या वर ड्रिपर. प्रत्येकाचा ताशी 2 लिटर प्रवाह धरला तर तासाला जवळपास 13 हजार लिटर. ते एकरावर पसरलं तर सव्वातीन मिलिमीटर. आता उन्हाळ्यात उसाला रोज किती मिलिमीटर लागतं आणि मोटर किती तास चालवावी, हे तू सांगू शकतेस. कंपनीचं माहितीपत्रक पाठ करून हे येत नाही. एकदा बोर्डावर मांडून बघ, कारण खोलीत बोर्ड किंवा कोरा कागद असतो आणि ‘दाखवा बघू’ म्हणतात.

आणि मग तो प्रश्न, जो मी पॅनेलवर असतो तर नक्की विचारला असता : ‘महाराष्ट्रात लहान शेतकऱ्याला ठिबकवर 80 टक्के आणि बाकीच्यांना 75 टक्के अनुदान आहे. तरी सगळे का बसवत नाहीत?’ इथं ‘जनजागृतीचा अभाव’ हा शब्द तोंडातून काढू नकोस. 14 महिने बांधावर फिरलेल्या माणसाचं ते उत्तर असूच शकत नाही. तुला माहीत आहे की बऱ्याच जणांना पैसे आधी घालावे लागतात आणि अनुदान मागून येतं. टक्के शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. उंदीर नळी कुरतडतात. ऊसतोडीत लॅटरल कापली जाते, खोडव्याला ती गोळा करून पुन्हा अंथरायला मजूर लागतात. आणि तुमच्या भागातलं मुख्य कारण म्हणजे उपसा सिंचन संस्था पाणीपट्टी एकरावर घेते, लिटरवर नाही. पाणी वाचवून शेतकऱ्याचा एक रुपया वाचत नाही, मग तो का वाचवेल? हे शेवटचं कारण नीट मांडलंस तर अर्थशास्त्राचा प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसेल.

यातच ‘एमबीए कशाला’चं उत्तर आहे. ‘मला ग्रामीण भागाचा विकास करायचाय’ हे वाक्य त्या खोलीत दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, ते खाली ठेव. त्याऐवजी कामावर असताना जिथं अडलीस ती एक जागा शोध. समजा डीलरची उधारी. शेतकरी माल नेतो आणि ऊस बिल आल्यावर पैसे देतो. अनुदान अडकलं की डीलरचं खेळतं भांडवल संपतं, तो नवीन ऑर्डर उचलत नाही, आणि तुझं टार्गेट चुकतं. तू काय करून पाहिलंस? त्यात काय जमलं नाही? आणि ते जमायला काय शिकायला हवं होतं : वित्त, वितरण साखळी, की किंमत ठरवणं? या तीन टप्प्यांत दीड मिनिटाचं उत्तर बसव. मग त्या संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम उघड आणि त्यातले नेमके दोन-तीन विषय तुझ्या अडचणीला जोड. ‘देशातली नामांकित संस्था आहे’ हे त्यांना ठाऊक आहे. आणि ‘शेती सोडून’ या शब्दावर तिथंच नम्रपणे हरकत घे. हे दोन्ही अभ्यासक्रम कृषी-व्यवसायाचेच आहेत, सोडण्याचा प्रश्न कुठं आला? मात्र पुढचा प्रश्न तयार ठेव : ‘साध्या एमबीएला प्रवेश मिळाला तर इकडे याल का?’ इथं खोटं बोलू नकोस. जे ठरवलं असेल ते कारणासह सांग. ठरलं नसेल तर पाच आठवड्यांत ठरव.

नीटचं वर्ष लपवायचं नाही. लपतही नाही, बारावीचं साल आणि पदवीचं साल शेजारी शेजारी छापलेलं असतं. दोन वाक्यं पुरेत : एक वर्ष नीटची तयारी केली, गुण कमी पडले, म्हणून कृषीला प्रवेश घेतला. इथं थांब. मुलं इथं घाबरून लांबण लावतात : आजीचं आजारपण, क्लास चांगला नव्हता, परीक्षेच्या दिवशी ताप. जितकं लांबेल तितकं संशयास्पद होतं. पुढचा प्रश्न ‘म्हणजे कृषी ही दुसरी पसंती?’ असा येणार. हो म्हण. दुसरी पसंती होती, आणि अमुक सेमिस्टरला अमुक विषयावर मन बसलं. तो विषय मात्र खरा असू दे, कारण चौथा प्रश्न त्याच विषयातला असेल. बारावीच्या 71 चंही तसंच. कारण एका वाक्यात, आणि त्यानंतरच्या 8.4 कडे बोट दाखव. रडगाणं नको, सफाईही नको.

पदवीचे सगळे विषय पाच आठवड्यांत परत होत नाहीत आणि तशी अपेक्षाही नसते. दोन विषय निवड आणि ‘आवडता विषय कोणता’ याला तीच नावं घे. तुझ्या बाबतीत सिंचन आणि कृषी अर्थशास्त्र हे उघडच आहेत. अर्थशास्त्रात व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक पीक घेऊन सगळी संकल्पना त्यावर बसवून बघ. कांदा उत्तम. गेल्या वर्षी भाव चढला म्हणून यंदा लागवड वाढते, आवक वाढून भाव पडतो, पुढच्या वर्षी लागवड घटते. हाच कोळ्याच्या जाळ्याचा, कॉबवेबचा सिद्धांत. भाव दुप्पट झाला तरी घरातला कांदा निम्मा होत नाही, ही मागणीची अलवचिकता. रब्बीचा कांदा चाळीत टिकतो, खरिपाचा टिकत नाही, म्हणून पावसाळा सरताना भाव उसळतो. मग धोरण : डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी, मे 2024 मध्ये ती उठली पण 40 टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते 20 वर आलं, 1 एप्रिल 2025 पासून शून्य. एवढ्या एका पिकावर अर्धं अर्थशास्त्र बोलता येतं. याखेरीज हमीभाव 22 पिकांना जाहीर होतो आणि ऊस त्यात नसून त्याला एफआरपी आहे. ए2 अधिक एफएल (प्रत्यक्ष केलेला खर्च अधिक घरच्यांच्या मजुरीचं मोल) आणि सी2 (त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही) या खर्चांत फरक काय. शेतकरी उत्पादक कंपनी आणि सहकारी संस्था यांत मालकीचा व मताचा हिशेब कसा वेगळा. ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार 2016 ला आला तरी लिलाव अजून ओट्यावरच का होतात, एवढं पक्कं असू दे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण तर महाराष्ट्रातला प्रत्येक उमेदवार देतो. द्यायचंच असेल तर नाव घेऊन थांबू नकोस, लहान बागायतदाराची द्राक्षं एकत्र करून परदेशी गिऱ्हाइकाच्या दर्जाला उतरवायला काय काय लागतं ते सांग.

रावेचं गाव विसरू नकोस. कृषीकन्या म्हणून तिथं काढलेले आठवडे फॉर्मात असतात आणि मुलं त्यांना किरकोळ समजतात. गावाची लोकसंख्या, मुख्य पिकं, पाण्याची सोय, तुम्ही केलेली प्रात्यक्षिकं, आणि त्यातलं एक तरी आज कोणी करतं का? शेवटचं माहीत नसेल तर त्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला फोन कर. बीजप्रक्रिया दाखवून फोटो काढला आणि नंतर कोणीच केली नाही, असं निघालं तर तेच सांग, आणि का केली नाही तेही.

तारखांचा एक योग तुझ्या बाजूनं आहे. अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला येतो, त्याच्या थोडं आधी आर्थिक पाहणी अहवाल. तुझी मुलाखत त्यानंतर आहे. पाहणी अहवालातलं शेतीचं प्रकरण पूर्ण वाच आणि अर्थसंकल्पातल्या शेतीच्या तरतुदी एका पानावर स्वतःच्या हातानं लिहून काढ. बाकी रोज एक इंग्रजी वृत्तपत्र आणि ॲग्रोवन पुरे. ॲग्रोवनमधली एक बातमी रोज इंग्रजीत मोठ्यानं सांगायची. यानं दोन कामं एकदम होतात.

इंग्रजीचं म्हणशील तर तुझी अडचण इंग्रजीची कमी आणि शब्दांची जास्त आहे. तुझं सगळं खरं ज्ञान मराठीत साठवलेलं आहे. ‘खोडव्यात पाचट कुजवलं’ हे तुला झोपेत सांगता येईल, आणि इंग्रजीत तिथंच गाडी अडते, कारण पाचटाला शब्द सापडत नाही. म्हणून एक वही कर, 50 शब्दांची. खोडवा म्हणजे रटून, बेणं म्हणजे सेट, पाचट म्हणजे ट्रॅश, हुमणी म्हणजे व्हाइट ग्रब, आळवणी म्हणजे ड्रेंचिंग, गाळप म्हणजे क्रशिंग, उतारा म्हणजे रिकव्हरी, उपसा सिंचन म्हणजे लिफ्ट इरिगेशन. अडसालीला इंग्रजी शब्द शोधू नकोस, ‘जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, 16 ते 18 महिन्यांनी तोडतात’ असं सांग. मळी म्हणजे मोलॅसिस की प्रेसमड, हे गावागणिक बदलतं, तेव्हा तू काय म्हणणार ते आधीच पक्कं कर.

मग रोज फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, एका प्रश्नाचं. लगेच ऐक. वाक्य दहा-बारा शब्दांवर गेलं की अडखळायला होतं, म्हणून वाक्य तोड. ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं ते मोज. उत्तर लिहून पाठ करू नकोस. पाठ केलेलं वाक्य मध्ये तुटलं की पुढचं सापडत नाही, आणि ऐकणाऱ्याला पाठांतर दुसऱ्या वाक्यालाच कळतं. फक्त मुद्द्यांचे तीन शब्द लिही आणि रोज वेगळ्या वाक्यांत सांग. आत गेल्या गेल्या ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ अशी माफी मागायची नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, त्यानं काही बिघडत नाही. न कळलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं तर मात्र बिघडतं. पॅनेलमधलं कोणी हिंदीत घसरलं तरी तू इंग्रजीतच राहा, त्यांनीच हिंदीत सांगायला सांगितलं तर वेगळं.

माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हण, सरळ. अंदाज करायचा असेल तर आधी ‘हा माझा अंदाज आहे’ म्हण आणि कशावरून करतेस ते सांग. थापेचा तोटा असा की ती एकटी राहत नाही. खतातल्या एका मूलद्रव्याचं चुकीचं कार्य ठोकून दिलंस की प्राध्यापक त्यावरच पुढचे चार प्रश्न विचारतात, आणि तुझा ऊस, तुझं ठिबक बाजूलाच राहतं. मात्र सलग पाच प्रश्नांना ‘माहीत नाही’ येत असेल आणि ते तुझ्याच फॉर्मातले असतील, तर ती तयारीची चूक.

‘वाचन’ अंगाशी येईल का? येईल, शेवटचं पुस्तक तीन वर्षांपूर्वी वाचलं असेल तर. फॉर्म आता बदलत नाही. म्हणून दोन पुस्तकं धर, तुला खरोखर आवडलेली, मराठी असली तरी हरकत नाही, उलट बरं. ती पुन्हा वाच आणि प्रत्येकाबद्दल इंग्रजीत तीन गोष्टी सांगता येऊ देत : कशाबद्दल आहे, कुठं पटलं नाही, आणि ज्यानं वाचलं नाही त्यानं का वाचावं. दुकानात पुढे मांडलेली व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं आता उघडू नकोस. ‘कोणती पुस्तकं वाचू’ असं विचारशील, तर हीच दोन.

लेखी भाग असतो. लखनौला वॅट, म्हणजे दिलेल्या विषयावर छोटा निबंध, अहमदाबादला एडब्ल्यूटी, म्हणजे विश्लेषणात्मक लेखन. एडब्ल्यूटीत एखादा युक्तिवाद देऊन त्यातल्या कच्च्या जागा शोधायला सांगतात. तिथं ‘माझं मत’ मांडत बसू नकोस. हा निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर उभा आहे, ते गृहीतक कुठं पडतं आणि खात्री करायला कोणती माहिती लागेल, एवढं लिही. दर आठवड्याला दोन लेख, घड्याळ लावून, हातानं. वर्षभर फोनवरच लिहिलेल्या बोटांना सलग अर्धा तास पेन धरवत नाही, हे तिथं जाऊन कळण्यात अर्थ नाही.

20 हजारांचं काय? मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती हव्यात, पण चार-पाच पुरे. पूर्ण पॅकेज घ्यायला माझं मन होत नाही. फुटकळ एक-दोन मॉक विकत मिळत असतील तर घे, कारण अनोळखी माणसासमोर बसायची सवय पैशानं मिळते. बाकीच्या इथंच होतील. एक मॉक कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या सरांबरोबर, एक बँकेच्या शाखाधिकाऱ्याबरोबर, म्हणजे कर्जाचे आणि उधारीचे प्रश्न निघतील, आणि एक अशा कोणाबरोबर तरी, ज्याला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला एफआरपी कळली तर पॅनेललाही कळेल. फोन समोर उभा करून चित्रीकरण कर आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघ : पाय हलतो का, ओढणी सारखी सावरली जाते का, ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याकडेच बघून उत्तर देतेस की छताकडे. शेवटची मॉक मुलाखतीच्या चार दिवस आधी असावी. आदल्या दिवशी घेतलेली मॉक नुसती धास्ती वाढवते.

कपड्यांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. सलवार-कमीज, साडी, शर्ट-पँट, काहीही चालतं. तीन-चार तास बाकावर बसून राहता येईल असं घाल, कारण कागदपत्रं तपासणं, लेखी आणि रांग यांत तेवढा वेळ जातो. नवी चप्पल त्या दिवशी काढू नकोस. आणि सांगलीकडून रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी थेट मुलाखतीला जाऊ नकोस. आदल्या दुपारीच मुंबईत पोच आणि संध्याकाळी ती जागा पाहून ये.

बाहेर आलीस की कोणाला फोन करण्याआधी एका कोपऱ्यात बस आणि विचारलेले सगळे प्रश्न त्याच क्रमानं वहीत उतरव, जिथं अडलीस तिथं फुली मार. दुसरा कॉल अजून बाकी आहे, आणि तिथं फॉर्म वेगळा असला तरी ऊस तोच आहे.